वऱ्हाड शोधलं की वऱ्हाड सापडलं पाहिजे

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. ग्रंथालयाचा जुना कॅटलॉग वेबला जोडायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? माझं म्हणणं असं की सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी तुमच्या डेटातली मराठी अक्षरं कशी साठवलीत ते बघू, कारण जोडणी होऊन जाते, काम अडतं ते अक्षरांपाशी.

इथे बऱ्याच जणांनी सीडीएस-आयसिस हे कॅटलॉग भरायचं सॉफ्टवेअर वापरलंय. युनेस्कोनं फुकट दिलेलं, आपल्याकडे निसॅट या सरकारी माहिती-योजनेमार्फत आलेलं, १९८५ पासून डॉसवर आणि नंतर विनिसिस, म्हणजे त्याचंच विंडोजवरचं रूप. दोन लेखक असले की मध्ये टक्क्याची खूण टाकायची, आठवतंय? त्याला आता लोक भंगार म्हणतात आणि मला ते ऐकवत नाही. एकेक पुस्तक हातात घेऊन, दाखल नोंदवहीशी ताडून कुणीतरी वर्षानुवर्षं भरलेला डेटा आहे तो. शिवाय आयसिस आयएसओ २७०९ या रेकॉर्ड देवाणघेवाणीच्या प्रमाण साच्यात एक्स्पोर्ट देतं, आणि मार्क २१ चे, म्हणजे ग्रंथालयांच्या आजच्या प्रमाण नोंद-पद्धतीचे, रेकॉर्डही त्याच साच्यात फिरतात. म्हणजे दार आधीपासूनच आहे. तुमच्या २४ नंबरच्या फील्डमध्ये, म्हणजे रकान्यात, शीर्षक असेल तर ते मार्कच्या २४५ मध्ये न्यायचं, ७० मधला लेखक १०० मध्ये. असा तक्ता दोन-चार दिवस बसलं की होतो.

पुढचंही सोपंच आहे. कोहासारख्या ग्रंथालयाच्या सिस्टीममध्ये डेटा गेला की बाहेरून कॅटलॉग शोधायला झेड ३९.५० आहे, एसआरयू आहे, रेकॉर्ड गठ्ठ्यानं उचलायला ओएआय-पीएमएच आहे, सगळं आतच मिळतं. झेड ३९.५० ची पद्धत जुनी, आधी सेशन उघडा, मग शोध पाठवा, मग रेकॉर्ड मागा. एसआरयू तेच काम साध्या वेब पत्त्यावर करतं आणि उत्तर एक्सएमएलमध्ये देतं, कुणीही प्रोग्रामर ते वाचू शकतो.

आता अक्षरं. जुन्या मराठी डेटात बऱ्याचदा अक्षरं नसतातच, फॉन्टचे तुकडे असतात. फॉन्ट काढला की पडद्यावर डॉलर, कंस, इंग्रजी अक्षरं. असे फॉन्ट दिसतं त्या क्रमानं साठवतात. 'किती' मधली पहिली वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी आज चालणाऱ्या प्रमाण संकेतांत, बरोबर उलटं. 'धर्म' मध्ये ध, म आणि वर रफार, पण युनिकोडला र् हा म च्या आधी लागतो. कन्व्हर्टर इथेच चुकतात, म्हणून रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्द वेगळे काढून डोळ्यांनी तपासा, यात टाळाटाळ करू नका.

दुसरी गोष्ट मोजणीची. आयएसओ २७०९ मध्ये प्रत्येक फील्ड कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे हे आकड्यात लिहिलेलं असतं, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं. 'वऱ्हाड' लिहायला ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. स्क्रिप्टनं बाइटऐवजी चिन्हं मोजली तर ती ६ म्हणणार आणि पुढची सगळी फील्डं सरकणार, शीर्षकाची शेपटी प्रकाशकात जाणार. लीडरमध्ये, म्हणजे रेकॉर्डच्या सुरुवातीच्या ठरलेल्या पट्टीत, शून्यापासून मोजलं तर नवव्या जागी 'ए' हे इंग्रजी अक्षर हवं, ती युनिकोडची खूण. ती जागा रिकामी राहिली म्हणून अख्खी फाइल कचरा दिसते असं मी स्वतः पाहिलंय.

आणि वऱ्हाडच का घेतलं सांगतो. हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एक नुक्त्याच्या ऱ ला हलंत देऊन, दुसरा साध्या र ला हलंत आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून, तेव्हा तो २१ बाइटचा होतो. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी रूपं एक करायची प्रक्रिया, लावूनही ते एक होत नाहीत. 'ॲ'चंही तसंच, एक अख्खं अक्षर आणि एक अ वर चंद्र दिलेलं. एका ग्रंथालयात वाचक वऱ्हाड टाइप करत होते आणि शून्य निकाल येत होता, पुस्तक समोरच्या कपाटात! त्यामुळे डेटात एकच रूप ठरवा आणि वाचकानं टाइप केलेलंही शोधण्याआधी त्याच रूपात बदलून घ्या. माझं मत ऱ च्या बाजूनं.

बाहेरून रेकॉर्ड आणताना नावांकडे लक्ष ठेवा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीचं ऑफिस १९६२ पासून भारतीय पुस्तकं घेतंय, मराठीही, तिथून तयार रेकॉर्ड मिळतात, पण लेखकाचं नाव रोमन लिपीत. नुसतं लिप्यंतर उलटं फिरवून भागत नाही, कारण कविता कुसुमाग्रज नावावर आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर नावावर, माणूस एकच. ही जोड ग्रंथपालच घालू शकतो, कारण त्याला ते माहीत असतं.

शेवटचं एक, घरी गेल्यावर लगेच करा. आयसिसच्या मूळ फाइली, एमएसटी (यात रेकॉर्ड असतात) आणि एक्सआरएफ (कुठला रेकॉर्ड कुठे आहे ते) दोन्ही, आहेत तशा दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करून ठेवा, कन्व्हर्जन झालं तरी पुसू नका. आमच्या एका कामात एक जोडाक्षर सगळीकडे चुकलेलं सहा महिन्यांनी कळलं, मूळ फाइल होती म्हणून एका दुपारीत परत फिरवता आलं. आता प्रश्न घेऊ.