गोष्ट आधी, पिक्चर नंतर

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

मला विषय दिला आहे 'कोकणातली जुनी थिएटरं'. चिटणीसांना वाटलं असणार, हा माणूस मालवणकडचा, भराभर नावं घेईल, लोक टाळ्या वाजवतील, मसाला दूध वेळेवर येईल. नावं मी फारशी घेणार नाही. मला एवढंच सांगायचं आहे की आमच्याकडे पिक्चर यायच्या आधी त्याची गोष्ट यायची. कोकणातला सिनेमा समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी, असं माझं मत आहे.

खरं म्हणजे कोकणी माणसाचं हक्काचं थिएटर कोकणात नव्हतंच. ते मुंबईत होतं. ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये. १४ मार्च १९३१ रोजी पहिला बोलपट, 'आलम आरा', लागला तो गिरगावातल्याच मॅजेस्टिकला. त्या काळी गिरगावच्या चाळींतून आणि पुढे गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांतून राहणारी माणसं कुठली होती हे या सभागृहात सांगायला नको. पुढे लालबाग-परळला, गिरणीच्याच जागेत, 'भारतमाता' होतं. मराठी पिक्चर तिथे हक्कानं लागायचा आणि तिकीट गिरणी कामगाराच्या खिशाला सोसेल असं असायचं. पाळी सुटली की अंघोळ करून, डोक्याला तेल लावून माणसं तिथे जात. म्हणजे देवगड, कणकवली, राजापूर, संगमेश्वर इथल्या घराघरातला एक तरी पुरुष पिक्चर बघत होता, फक्त घरापासून तीनशे-साडेचारशे किलोमीटरवर.

आमचे धाकटे काका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मे महिन्यात ते गावी येत. पहिले दोन दिवस आंबे, फणस, देवळात जाणं, भाऊबंदकीचे विषय. तिसऱ्या रात्री खळ्यात गोणपाटं पसरली जायची, वाडीतली पोरं जमायची आणि काका पिक्चर सांगायला बसायचे. 'सांगायला' म्हणतो खरं, पण ते तो करून दाखवत. नायकाचा आवाज, खलनायकाचं हसणं, घोड्याच्या टापा मांडीवर थाप मारून, आणि गाण्याच्या जागी गाणं, दोन कडवी तरी. मध्येच थांबून विडी पेटवायचे. तो इंटरव्हल. "काका, फुडे काय झाला?" असं चारदा विचारल्याशिवाय इंटरव्हल संपायचा नाही.

माझ्या आजीनं जन्मात थिएटरची पायरी चढलेली नव्हती, पण तिला डझनभर पिक्चर तोंडपाठ होते. फरक इतकाच की तिच्या सांगण्यात ते दशावतारात मिसळून जायचे. तिच्या एका पिक्चरमध्ये स्मगलर शेवटी शंकराची करुणा भाकतो आणि शंकर त्याला वर देतो. तो पिक्चर मी पुढे पाहिला. त्यात शंकर नव्हता. तो असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

दशावताराचं नाव निघालंच आहे तर तिथे जरा रेंगाळतो. घाटावरच्या जत्रांत तंबूतला सिनेमा हे मोठं आकर्षण असायचं. आमच्याकडे तंबू आला तेव्हा रात्रभर बसून खेळ बघायची सवय लोकांना पिढ्यान्‌पिढ्या होती. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवळासमोर खाज्याची दुकानं, पेट्रोमॅक्स, आणि मध्यरात्रीनंतर उभं राहणारं नाटक. आधी आडदशावतार, म्हणजे नाटकाचा पूर्वरंग, त्यात संकासुराचा धिंगाणा, मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा. आख्यान पुराणातलं, म्हणजे कोण जिंकणार हे लहान पोरालाही ठाऊक. संवाद लिहिलेले नसतात, नट ते जागेवर बोलतात. त्यामुळे बघणाऱ्याचं लक्ष 'काय होणार' याच्यावर नसतं, 'हा आज कसं करतो' याच्यावर असतं. राजानं शब्द कसा फिरवला, स्त्रीपार्टी नटानं पदर कसा घेतला, पेटीवाल्यानं सूर कुठे सोडला, यावर सकाळी चहाच्या हॉटेलात चर्चा.

हाच प्रेक्षक पुढे थिएटरात जाऊन बसला. गोष्ट काकांकडून आधीच ऐकलेली. तिसऱ्या वर्गाच्या बाकड्यांवरून आरोळी यायची, "शेवटाक मरता रे तो!" आणि कोणालाही त्याचं वाईट वाटायचं नाही. मागून फक्त एखादा म्हणायचा, "गप रव, कसो मरता ता बघूक दी." हल्ली पिक्चरचा शेवट फोडला म्हणून भांडणं होतात, मैत्र्या तुटतात. आम्हाला तो प्रश्न कधी कळलाच नाही.

आता पिक्चर उशिरा का यायचा ते सांगतो, कारण त्यात सगळा कोकणाचा भूगोल आहे. सिनेमाच्या पट्टीच्या एका फुटात सोळा चौकटी, सेकंदाला चोवीस चौकटी पळायच्या, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर. ही सगळी फिल्म हजार-हजार फुटांच्या रिळांत गुंडाळून पत्र्याच्या पेट्यांत भरलेली असायची. अशा प्रिंट मोजक्याच निघत. त्या आधी मोठ्या शहरांत फिरायच्या, मग जिल्ह्याच्या गावी, आणि पार झिजल्यावर आमच्याकडे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नाझच्या इमारतीत वितरकांची ऑफिसं होती. तिथून किंवा कोल्हापूरहून पेटी निघायची. बोटी चालत होत्या तेव्हा काही पेट्या बोटीनंही यायच्या, असं मोठी माणसं सांगत. माझ्या आठवणीतली पेटी मात्र एसटीच्या टपावर असते, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. रेल्वेचा तर प्रश्नच नव्हता. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला १९९८ साल उजाडलं.

पावसाळ्यात फोंडा किंवा आंबोली घाटात दरड कोसळली की पेटी घाटावर आणि प्रेक्षक थिएटरच्या दारात. मालक बिचारा मागच्याच आठवड्यातला पिक्चर 'लोकाग्रहास्तव' लावायचा. लोकांनी आग्रह वगैरे काही केलेला नसायचा.

पेटीबरोबर कधी वितरकाचा माणूसही यायचा, त्याला 'रिप्रेझेंटेटिव्ह' म्हणत. तिकिटं किती फाडली ते मोजायला. लॉजवर उतरायचा, बांगड्याचं तिखलं खायचा आणि पहिल्या खेळाला डोअरकीपरच्या शेजारी उभा राहायचा. त्याच्यासमोर मालकाचे नातेवाईक फुकट सोडायची पंचाईत व्हायची. बाकी दिवस अर्धी वाडी मालकाची नातेवाईक असे.

मशीनघरात मला एकदा ऑपरेटरनं घेतलं होतं. आत भट्टी. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्या टोकांमध्ये पेटलेली वीज. कांड्या जळत जातात तसं त्यांच्यातलं अंतर हातानं सांभाळावं लागतं, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि खालून "लाईट! लाईट!" सुरू होतं. मशिनं दोन असली तर एकावरचं रीळ संपता संपता दुसरं चालू करायचं. त्यासाठी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्याला त्याची झडप उघडायची. तुमच्यापैकी ज्यांनी तो ठिपका कधी पाहिला नाही त्यांनी पिक्चर बघितला, थिएटर बघितलं नाही, असं मी म्हणेन. (इथे काही तरुण मंडळी नाराज झाली. चालेल.)

फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार चौकटी कापून टोकं चिकटवायचा. असं प्रत्येक गावात झालेलं. आमच्यापर्यंत येईतो नायक दारात उभा असायचा आणि एकदम खुर्चीत बसलेला दिसायचा. एखादं गाणं अख्खं गायब. तिथे काका कामाला यायचे. मधलं काय गळलं ते आम्हाला माहीत असायचं, शेजारच्याला कुजबुजून सांगितलं की झालं.

इमारत म्हणाल तर चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रा. काही ठिकाणी मंगळुरी कौलं. जुलैत पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची. आवाज वाढवून उपयोग नसे. घाटावरचा प्रेक्षक असता तर त्यानं पैसे परत मागितले असते. आमचे लोक शांतपणे बघत बसायचे. संवाद कशाला हवेत, काय चाललंय ते ठाऊक होतं. पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं लागायची, सक्तीची. ती फिरत फिरत आमच्याकडे येईपर्यंत त्यातला पूर कधीच ओसरलेला असायचा.

तंबूही यायचे, नाही असं नाही. भात कापून झालं की मळ्यातल्या कोरड्या कुणग्यांत उभे राहायचे आणि वळीवाच्या आधी गाशा गुंडाळायचे. जनरेटर दूर ठेवलेला. पडद्याच्या पुढे बसलं काय, मागे बसलं काय, चित्र दोन्हीकडून दिसायचं. मागे बसलेल्यांना फक्त अक्षरं उलटी दिसत आणि नायक डावखुरा. बायका आणि पुरुष यांच्यामध्ये दोरी. सुटल्यावर चुडी पेटवून माणसं पाणंदीनं घरी निघायची. तालुक्याच्या थिएटरातून मात्र शेवट सोडूनच धावावं लागायचं, कारण वस्तीची गाडी कोणासाठी थांबत नसे. कित्येकांनी कित्येक पिक्चरांचा शेवट फक्त ऐकलेला आहे.

पण या सगळ्याचे फार गोडवे गाणं मला पटत नाही. ढेकूण होते. मुतारीचा वास पहिल्या रांगेपर्यंत यायचा. आणि बायका किती होत्या? गावातल्या बाईला तालुक्याला जाऊन रात्रीचा खेळ बघणं म्हणजे चार जणांच्या परवानग्या. लग्न झालेल्या आत्या माहेरपणाला आल्या की भावाबरोबर एखादा दुपारचा खेळ, तोही पौराणिक. आजीनं पिक्चर ऐकले, पाहिले नाहीत, हे मी मघाशी गमतीनं सांगितलं. तिला बघायचे होते का, हे तिला घरात कुणी विचारलं नव्हतं.

हे चक्र मोडलं ते दोन्ही टोकांनी, आणि जवळजवळ एकाच वेळी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. काकांसारखे कित्येक जण आधी 'थोडे दिवस' म्हणून गावी आले आणि कायमचे राहिले. ज्यांच्या जिवावर पिक्चरच्या गोष्टी गावात यायच्या ते आता स्वतःच मळ्यात नांगर धरून उभे. पिक्चर सांगा म्हटलं की काका म्हणायचे, "नवीन खय बघलंय मी?"

दुसरीकडे रत्नागिरी, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागातली माणसं आखातात गेली होती. ती सुट्टीवर येताना व्हीसीआर घेऊन आली. मग सत्यनारायण असो की गणपती, एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, वाडीनं वर्गणी काढायची, आणि ओळीनं तीन पिक्चर पहाटेपर्यंत. खळं तेच, गोणपाटंही तीच. पण आता गोष्ट आणि पिक्चर एकदमच यायला लागले. कधी तर मुंबईकरांच्या आधी आमच्या वाडीनं पिक्चर बघितलेला असायचा. १९८७ पासून रविवार सकाळी रामायण सुरू झालं तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या खिडक्यांना माणसं लोंबकळली. आजी त्या गर्दीत पहिल्या रांगेत होती. मारीच प्रकट झाला की ती मोठ्यानं पुढचं सांगायची, आणि सगळे तिला गप्प करायचे.

थिएटरं त्यानंतरही बरीच वर्षं तगली. मग सॅटेलाइटवरून पिक्चर यायला लागले, पेट्या संपल्या, ऑपरेटर संपले. काहींची मंगल कार्यालयं झाली, काहींची दुकानं. काही नुसतीच उभी आहेत, छपरातून पिंपळ आलेला. राहतात ती पत्त्यातली नावं. रत्नागिरीत राधाकृष्ण नाका म्हटलं की रिक्षावाला बरोबर सोडतो.

तेव्हा मंडळातर्फे एक काम करूया. किल्ल्यांची, देवळांची पुस्तकं निघतात, तालुक्याच्या थिएटरांची कोणी निगुतीनं नोंद ठेवलेली मला तरी दिसली नाही. चिपळूण, खेड, राजापूर, वेंगुर्ला, सावंतवाडी, अलिबाग, जिथले कुठले असाल तिथल्या थिएटरबद्दल घरच्या वडीलधाऱ्यांना फोन करून विचारा. छप्पर पत्र्याचं होतं की कौलाचं, बायकांना वेगळी जागा होती का, शेवटची गाडी किती वाजता सुटायची. आईला, मावशीला आवर्जून विचारा. जे मिळेल ते लिहून माझ्याकडे पाठवा, संकेतस्थळावर त्याचं एक पान करू. आणि थिएटरचं नाव कोणालाच आठवत नसेल तर तिथल्या रिक्षा स्टॉपचं नाव काय आहे ते कळवा. बहुतेक तेच असेल.