म्युलर : एका जर्मन आडनावाची कुळकथा

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत सर्वांत जास्त माणसे जे आडनाव लावतात ते म्हणजे म्युलर. तिथल्या दर शंभर माणसांमागे जवळपास एक जण म्युलर असतो, आणि शेजारच्या स्वित्झर्लंडमध्येही हेच आडनाव पहिल्या क्रमांकावर आहे. त्याचा अर्थ अगदी साधा आहे : धान्य दळण्याची चक्की चालवणारा. मात्र ही आडनावे रूढ झाली त्या मध्ययुगात जर्मन भाषक प्रदेशातले बहुसंख्य लोक शेतकरी होते आणि चक्की चालवणारे त्यांच्या मानाने मूठभर होते. शेतकरी या अर्थाचे ‘बाउअर’ हे आडनाव जर्मनीत आहे, पण ते म्युलरच्या बरेच मागे पडले. थोड्यांच्या व्यवसायाचे नाव इतक्या लोकांना कसे मिळाले, याचा शोध घेताना मध्ययुगीन युरोपातले खेडे, तिथला कायदा आणि तिथली समाजरचना यांचे जे दर्शन घडते, ते मला फार मोलाचे वाटते. म्हणून आज या एकाच आडनावाविषयी बोलायचे ठरवले आहे.

या शब्दाचे मूळ जर्मन नाही, लॅटिन आहे. लॅटिनमध्ये ‘मोला’ म्हणजे दळणाचा दगड. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये चक्कीला ‘मोलिना’ आणि ती चालवणाऱ्याला ‘मोलिनारिउस’ हे शब्द तयार झाले. जर्मन टोळ्यांकडे हाताने फिरवायचे जाते होते आणि त्यासाठी त्यांचा स्वतःचा शब्दही होता. परंतु वाहत्या पाण्यावर फिरणारी चक्की त्यांनी रोमन लोकांकडून घेतली आणि यंत्राबरोबर त्याचे नावही स्वीकारले. चौथ्या शतकातल्या ऑसोनियस या लॅटिन कवीने मोसेल नदीचे वर्णन करताना तिच्या एका उपनदीवर गरगर फिरणारे दळणाचे दगड आणि संगमरवर कापणाऱ्या करवती यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे आज जर्मनीत असलेल्या त्या भूभागात पाण्याच्या बळावर चालणारी यंत्रे तेव्हाच पोहोचली होती. ‘मोलिनारिउस’चे जुन्या जर्मनमध्ये ‘मुलिनारी’ झाले, पुढच्या ‘इ’काराच्या प्रभावाने आधीचा ‘उ’ बदलून ‘म्युल्नेरे’ असे रूप आले, आणि कालांतराने त्यातला ‘न’ शेजारच्या ‘ल’मध्ये मिसळून ‘म्युलर’ उरले. यातला पहिला स्वर मराठीत नाही. ‘उ’ म्हणताना ओठ जसे गोल करतो तसे ते ठेवून ‘ई’ म्हणण्याचा प्रयत्न केला, तर तो साधारण जमतो.

शब्दाची वाट अशी सरळ आहे. आडनावाची वाट समजून घेण्यासाठी मात्र ती चक्की कोणाची होती हे पाहावे लागते. ओढ्याला बांध घालणे, पाट काढणे, लाकडी चाक बसवणे आणि योग्य प्रतीचे दगड आणवणे हा खर्च सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हता, शिवाय वाहत्या पाण्यावरचा हक्कही जमीनदाराचा किंवा मठाचा असे. त्यामुळे चक्की धन्याची, आणि ती चालवणारा बहुधा तिचा खंडकरी. अनेक ठिकाणी त्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी आपले धान्य ठरलेल्या चक्कीवरच दळून आणले पाहिजे, अशी सक्ती होती. तिला ‘म्युलेनत्स्वांग’ म्हणत. प्रशियात ही सक्ती १८१० साली उठली, तोपर्यंत शेकडो वर्षे ती लोकांच्या नित्य जीवनाचा भाग होती.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आइके फोन रेप्गो याने संकलित केलेल्या ‘झाक्सेनश्पीगेल’ या कायदाग्रंथात नांगर, चक्की आणि चर्च यांना विशेष संरक्षण दिले आहे, आणि तिथे चोरी करणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. जो आधी चक्कीवर येईल त्याने आधी दळावे, हा नियमही त्याच ग्रंथात आहे. ‘वेर त्सुएर्स्ट कोम्ट, माल्ट त्सुएर्स्ट’ या रूपात तो आजच्या जर्मनमध्ये म्हण म्हणून जिवंत आहे, आणि तिकिटाच्या रांगेतसुद्धा ती ऐकू येते.

अशा चक्कीवरच्या माणसाकडे गाव कोणत्या नजरेने पाहत होते? त्याच्यावाचून कोणाच्या घरी भाकरी होत नव्हती, पण त्याच्यावर पुरता विश्वासही कोणी टाकत नव्हते. तो आपली मजुरी धान्याच्या रूपाने, ठरलेल्या मापाने काढून घेई. पोत्यात किती धान्य होते आणि पीठ किती परत आले, याचा ताळा शेतकऱ्याला करता येत नसे. या संशयामुळे अनेक भागांत चक्कीवाल्यांची गणना कमी प्रतिष्ठेच्या व्यवसायांत होई आणि त्यांच्या मुलांना शहरातल्या कारागिरांच्या संघांत प्रवेश नाकारला जाई. १५४८ सालच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या फर्मानात विणकर, न्हावी, मेंढपाळ यांच्याबरोबर चक्कीवाल्यांचेही नाव घेऊन त्यांना असे वगळू नये, असे बजावावे लागले, यावरून तो आकस किती खोल होता हे कळते. आज देशात सर्वांत सामान्य ठरलेले हे आडनाव एके काळी वेशीबाहेर, ओढ्याकाठी राहणाऱ्या आणि गावाला थोड्या परक्या वाटणाऱ्या माणसाचे होते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. जर्मन भाषक प्रदेशात बाराव्या शतकापासून आधी मोठ्या शहरांत आणि मग खेड्यांत नावापुढे दुसरे नाव जोडण्याची प्रथा पडली, कारण एकाच गावात हान्स, हाइनरिश आणि कोनराड ही नावे कितीतरी जणांची असत. पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक भागांत ही जोडनावे वंशपरंपरेने चालू लागली होती. जोडनावाचे काम माणूस ओळखू येणे हे आहे. ज्या गावात सगळेच शेतकरी, तिथे ‘शेतकरी हान्स’ म्हटल्याने कोणता हान्स हे कळत नाही. ‘चक्कीवाला हान्स’ म्हटल्याबरोबर कळते, कारण चक्कीवाला गावात एकच असतो. आणि तो असा एकेक करून जवळजवळ प्रत्येक खोऱ्यात, प्रत्येक ओढ्यावर होता. म्हणून म्युलर हे आडनाव एका घराण्यातून फोफावलेले नाही. ते हजारो ठिकाणी, एकमेकांशी काहीही संबंध नसताना, स्वतंत्रपणे जन्माला आले. दोन म्युलर भेटले तर त्यांचे काही नाते असेल, असे मानायला त्यामुळे आधार नसतो. दुसऱ्या क्रमांकावरच्या ‘श्मिट’ची, म्हणजे लोहाराची, गोष्टही अशीच आहे. त्याची श्मिट, श्मित्स, श्मीड वगैरे निरनिराळ्या लेखनांची सगळी रूपे एकत्र मोजली, तर तो म्युलरच्याही पुढे जातो.

इथे आपल्याकडची परिस्थिती आठवल्याशिवाय राहवत नाही. मराठी मुलखात लोहार, सुतार, कुंभार, सोनार ही आडनावे आहेत, तेली आहे. पण दळणाऱ्याचे रूढ आडनाव आठवून पाहिले तर सापडत नाही. बलुतेदारांच्या यादीतही तो नाही. कारण आपल्याकडे दळण हा गावाने कोणाला सोपवलेला व्यवसाय नव्हता; ते घरोघरी, पहाटेच्या अंधारात, जात्यावर बसलेल्या बाईचे काम होते. त्या श्रमांतून ओव्या जन्मल्या, आडनाव जन्मले नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्याला ठाऊक आहे, परंतु ती एका दर्ग्याच्या परिसरातली, वेगळी म्हणून पाहायला जावे अशी वास्तू आहे. जर्मनीत तेच यंत्र प्रत्येक पंचक्रोशीत होते आणि पुरुषाचा पूर्णवेळ पेशा होता, म्हणूनच त्याचे आडनाव होऊ शकले.

एकाच शब्दाची प्रदेशानुसार किती रूपे झाली हे पाहण्यासारखे आहे. उत्तरेकडच्या सखल प्रदेशात, श्लेसविग-होल्श्टाइन आणि मेक्लेनबुर्ग या भागांत, ‘म्योलर’ हे रूप ठळकपणे दिसते. नैर्ऋत्येकडच्या आणि मध्य जर्मनीतल्या पट्ट्यात म्युलर दाट आहे. दक्षिणेकडच्या ज्या बोलींत गोल स्वराचा ‘इ’ झाला, तिथे ‘मिलर’ झाले, आणि बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या बाजूला जुना ‘न’ टिकवलेले ‘म्युल्नर’ सापडते. ऑस्ट्रियात मात्र पहिला क्रमांक ‘ग्रुबर’चा आहे. डोंगराळ प्रदेशात घर कुठे आहे यावरून, म्हणजे ग्रुबरच्या बाबतीत खोलगट जागेवरून, आडनाव पडण्याची रीत तिथे बळकट होती. चक्कीच्या प्रकारावरून किंवा जागेवरून जोडरूपेही आली : पवनचक्कीवाला तो विंडम्युलर, वरच्या अंगाच्या चक्कीवरचा ओबरम्युलर, नवीन चक्कीवरचा नॉयम्युलर. १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात नागरी नोंदणी कचेऱ्या सुरू झाल्या आणि कारकुनाने जे लिहिले ते पुढच्या पिढ्यांचे लेखन झाले. त्यापूर्वी एकाच माणसाचे नाव दोन दस्तांत दोन प्रकारे लिहिलेले आढळणे नवलाचे नव्हते.

विद्वानांनी या नावाला दिलेली वळणे तर फारच रंजक आहेत. पंधराव्या-सोळाव्या शतकात शिकलेल्या माणसाने आपले नाव लॅटिन किंवा ग्रीक करून घ्यायचे, अशी प्रथा होती, आणि म्युलरचे ‘मोलिटोर’ झाले. हे आडनाव आजही आढळते. १४३६ साली फ्रँकोनियातल्या क्योनिग्सबेर्ग गावी एका चक्कीवाल्याच्या घरी जन्मलेला योहान्नेस म्युलर पुढे थोर गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ झाला, परंतु जग त्याला त्याच्या गावाच्या नावाच्या लॅटिन रूपाने, रेगिओमोंटानुस म्हणून ओळखते. १५०७ च्या ज्या नकाशावर ‘अमेरिका’ हे नाव प्रथम छापले गेले, त्याचा कर्ता मार्टिन वाल्टसेम्युलर. त्याने आपल्या नावाला ‘हिलाकोमिलुस’ असा ग्रीक साज चढवला होता, आणि त्या साजातही शेवटी चक्की शाबूत आहे.

हळूहळू नाव आणि पेशा यांची ताटातूट झाली. डेसाउ शहरात १७९४ साली जन्मलेला कवी विल्हेल्म म्युलर शिंप्याचा मुलगा होता. तरीही चक्कीवर उमेदवारी करणाऱ्या एका भटक्या तरुणाच्या प्रेमाची आणि दुःखाची जी कवितामाला त्याने लिहिली, तिला फ्रांझ शूबर्टने १८२३ मध्ये संगीत दिले आणि ती गाणी अजूनही गायली जातात. त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, या कवीला मुलगा झाला. आपण ज्यांना मॅक्स म्युलर म्हणतो ते हेच. सायणभाष्यासह ऋग्वेदाच्या संहितेचे सहा खंड त्यांनी १८४९ ते १८७४ या काळात इंग्लंडमध्ये राहून प्रसिद्ध केले. लोकमान्य टिळक १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात असताना मॅक्स म्युलर यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत टिळकांना पाठवली आणि त्यांच्या सुटकेसाठी झालेल्या विनंती अर्जात पुढाकार घेतला. एका विद्वानाने दुसऱ्या विद्वानासाठी केलेली ही गोष्ट मराठी माणसाने कृतज्ञतेने लक्षात ठेवावी अशी आहे. पुण्या-मुंबईत जर्मन शिकवणाऱ्या संस्थेला आपण मॅक्स म्युलर भवन म्हणतो ते त्यांच्यामुळेच. बाकी जगात तीच संस्था जर्मन कवी गटेच्या नावाने चालते.

त्यांच्या नावातले ‘मॅक्स’ हे मुळात आडनाव नव्हते. फ्रीडरिश माक्सिमिलियान म्युलर असे लांबलचक नाव असलेल्या या गृहस्थांना नुसते म्युलर इतके सर्वसामान्य वाटले की त्यांनी मॅक्स हा शब्द आडनावाचाच भाग केला, आणि पुढे ब्रिटिश राजदूत झालेल्या त्यांच्या मुलानेही मॅक्स म्युलर असेच आडनाव लावले. ही अडचण त्यांच्या एकट्याची नव्हती. १९२० मध्ये आणि पुन्हा १९२८ ते १९३० या काळात जर्मनीचे चॅन्सलर असलेले हेरमान म्युलर इतर म्युलरांपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून, त्यांच्या मतदारसंघावरून म्युलर-फ्रांकेन म्हटले जात. त्यांचेच नाव धारण करणारे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या थुर्गाउ प्रांतामुळे म्युलर-थुर्गाउ झाले, आणि १८८२ साली त्यांनी संकरातून तयार केलेल्या द्राक्षाची पांढरी वाइन आज त्याच जोडनावाने विकली जाते. जर्मन प्रशासनाने तर याची रीतसर दखल घेतली आहे. तिथे आडनाव बदलायला सबळ कारण लागते, पण म्युलर, श्मिट, मायर यांसारखी अतिप्रचलित आडनावे ओळख पटवायला अपुरी पडतात म्हणून त्यांना ‘झामेलनामेन’, म्हणजे समूहनामे, असा वेगळा वर्ग दिला आहे, आणि एवढे कारण नाव बदलण्यासाठी सहसा पुरेसे धरले जाते.

देशाबाहेर गेलेल्या म्युलरांना बहुधा अर्ज करावा लागला नाही. पेनसिल्व्हेनियात आणि पुढे अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत वसलेल्या असंख्य जर्मन कुटुंबांनी शेजाऱ्यांना उच्चारता यावे म्हणून मिलर असे लिहायला सुरुवात केली. अमेरिकेत मिलर हे आडनाव आज पहिल्या दहांत आहे, त्यात इंग्लंडहून आलेल्या मिलर घराण्यांबरोबर या रूपांतरित म्युलरांचाही मोठा वाटा आहे. पूर्वेकडे गेलेल्यांनी मात्र नाव तसेच ठेवले. अठराव्या शतकात हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याने आग्नेय युरोपातल्या बानाट प्रदेशात जर्मन शेतकरी वसवले. त्यांच्याच समाजातल्या, रुमानियात जन्मलेल्या हेर्टा म्युलर यांना २००९ चा साहित्याचा नोबेल पुरस्कार मिळाला.