पार्कहर्स्ट आणि चौदा वर्षं

(दृश्य: फेरीबोट, धुकट समुद्र, पलीकडे बेटाची रेघ)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून आइल ऑफ वाइट बेटावर जायला फेरीबोट लागते. उन्हाळ्यात ही बोट सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांनी भरलेली असते. बेटावरचा तुरुंग म्हटलं की आपल्याला काळं पाणी आठवतं. हे तसं नाही. इथून मुख्य भूमी डोळ्यांना दिसते. पण बेटाच्या मध्यावर, न्यूपोर्ट गावाशेजारी पार्कहर्स्टचा तुरुंग आहे, आणि एके काळी ब्रिटनमधले भले भले गुन्हेगार हे नाव ऐकून गप्प बसत.

८ फेब्रुवारी १९८१ रोजी या तुरुंगात जॉन डडी नावाचा कैदी मेला. वय ५२. मूळचा ग्लासगोचा. आणि एका पोलिसाचा खुनी.

(दृश्य: ब्रेब्रुक स्ट्रीट, विटांची घरं, समोर मोकळं मैदान)

१२ ऑगस्ट १९६६. शुक्रवार. इंग्लंडनं फुटबॉलचा विश्वचषक जिंकून जेमतेम दोन आठवडे झालेले. पश्चिम लंडनमधल्या ब्रेब्रुक स्ट्रीटवर दुपारचे सव्वातीन वाजलेत. सुट्टीचे दिवस, मुलं रस्त्यावर खेळतायत. एका बाजूला वर्मवुड स्क्रब्जचं मैदान, त्याच्या टोकाला त्याच नावाचा तुरुंग.

एका जुन्या निळ्या व्हॅनगार्ड गाडीत तिघं बसलेत. तुरुंगाच्या इतक्या जवळ असली खटारा गाडी उभी दिसली, की पोलिसांच्या मनात पहिली शंका येते ती कैदी पळवण्याची. साध्या वेशातले तीन पोलीस आपली गाडी थांबवतात. सार्जंट ख्रिस्तोफर हेड, वय ३०. डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल डेव्हिड वोम्बवेल, वय २५. चालक जेफ्री फॉक्स, वय ४१. तिघांपैकी एकाकडेही शस्त्र नाही.

व्हॅनगार्डच्या काचेवर रोड टॅक्स भरल्याचा गोल कागद नव्हता. एवढंच निमित्त. चालक जॉन विटनी सबबी सांगू लागला. वोम्बवेल खिडकीशी वाकून त्याचं म्हणणं टिपून घेत होता.

शेजारच्या सीटवर हॅरी रॉबर्ट्स होता. गाडीत पिस्तुलांची पिशवी होती आणि ती सापडणार, ही भीती त्याच्या डोक्यात शिरली होती. त्यानं वोम्बवेलच्या डोळ्यात गोळी घातली. मग पळणाऱ्या हेडला गाठून त्यालाही मारलं.

तोवर मागच्या सीटवरचा डडी काही न करता बसून होता. रॉबर्ट्स ओरडला, तसा तोही उतरला. पोलिसांच्या गाडीपाशी गेला आणि खिडकीतून फॉक्सवर गोळ्या झाडल्या. फॉक्स गाडीबाहेर पाऊल टाकू शकला नाही.

सगळं मिळून काही क्षणांचा मामला. कारण काय, तर एक कागद.

गाडी उलटी पळवत तिघं निघाले. एका वाटसरूला वाटलं, तुरुंगातून कोणी पळालंय वाटतं. त्यानं नंबर टिपून ठेवला. पीजीटी ७२६. त्याच नंबरावरून विटनी त्याच दिवशी घरी सापडला. गाडी आपण पबमध्ये भेटलेल्या एका अनोळखी माणसाला १५ पौंडांना विकली, असं त्यानं सांगितलं. डडी ग्लासगोला पळाला होता. तो पाच दिवसांत पकडला गेला, आणि गोळी आपण झाडल्याचं त्यानं कबूल केलं. लष्करात असताना मलायाच्या जंगलात वावरलेला रॉबर्ट्स मात्र हर्टफर्डशायरच्या रानात तंबू ठोकून तीन महिने लपला.

(दृश्य: ओल्ड बेली, लंडनचं फौजदारी न्यायालय, न्यायदेवतेचा पुतळा)

पोलिसाला मारलं की फाशी, असा १९५७ पासूनचा कायदा होता. पण या घटनेच्या नऊच महिने आधी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, ब्रिटननं खुनासाठीची फाशी थांबवली होती. लोक खवळले. फाशी परत आणा, अशी मागणी उठली. पण संसद बधली नाही.

१२ डिसेंबर १९६६ रोजी तिघांनाही जन्मठेप झाली, किमान ३० वर्षांच्या शिफारशीसह. न्यायमूर्ती ग्लिन-जोन्स यांनी सुनावलं की या खटल्यात जन्मठेप या शब्दाचा अर्थ जसा आहे तसाच घेतला जाऊ शकतो.

आपल्याकडे हा शब्द उच्चारला की कोणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे चौदा वर्षं.’ तसं नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली स्पष्ट केलं होतं, की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदाचा आकडा सवलतीच्या हिशेबातला आहे. तरी तो डोक्यातून जात नाही.

(दृश्य: पार्कहर्स्टची बाहेरची भिंत)

त्याच हिवाळ्यात तुरुंगांचीही झाडाझडती झाली. ऑक्टोबर १९६६ मध्ये वर्मवुड स्क्रब्जमधूनच जॉर्ज ब्लेक हा रशियाचा हेर भिंतीवरून पळाला. चौकशी कोणाकडे दिली? लॉर्ड माउंटबॅटन यांच्याकडे. होय, तेच, आपले शेवटचे व्हाइसरॉय. सगळ्यात धोकादायक कैद्यांसाठी आइल ऑफ वाइटवरच एक अभेद्य तुरुंग बांधा, असं त्यांनी सुचवलं. सरकारनं तसं न करता हे कैदी काही मोजक्या कडेकोट तुरुंगांत विखरून ठेवले. पार्कहर्स्ट त्यांपैकी एक.

तिथं डडीचा हिशेब संपला तो शिक्षेपासून चौदा वर्षं आणि जवळपास दोन महिन्यांनी. तीस वर्षांच्या निम्म्यातही तो पोचला नाही.

विटनी मात्र १९९१ मध्ये सुटला, म्हणजे तीस वर्षं भरायच्या आतच. पोलिसांना ते अजिबात रुचलं नाही. १९९९ मध्ये ब्रिस्टलमध्ये त्याच्या घरातच राहणाऱ्या एकानं त्याचा खून केला. रॉबर्ट्सचं नाव तर फुटबॉलच्या मैदानावर पोलिसांना डिवचायला वापरलं जाऊ लागलं. टोळकी ते चालीत गायची. मेलेल्या तिघांची नावं त्यांतल्या किती जणांना सांगता आली असती?

न्यायमूर्तींचे शब्द तिघांसाठी होते. ते शब्दशः खरे ठरले एकट्या डडीच्या बाबतीत.

(दृश्य: ब्रेब्रुक स्ट्रीट, आजचा दिवस. स्मारकाची शिळा, मागे ओळीनं उभ्या गाड्या)

आज इथे तिघा पोलिसांचं स्मारक आहे. ड्यूटीवर मारल्या गेलेल्या पोलिसांच्या कुटुंबांसाठीचा निधीही १९६६ मध्ये याच घटनेतून उभा राहिला.

रॉबर्ट्स नोव्हेंबर २०१४ मध्ये बाहेर आला, वयाच्या ७८ व्या वर्षी. त्याआधी महिनाभर, १ ऑक्टोबरपासून, ब्रिटनमध्ये गाडीच्या काचेवर रोड टॅक्सचा कागद लावायची गरजच उरली नव्हती.