वार पडल्यानंतर

बाळ जन्माला आलं की प्रसूतिकक्षातले सगळे डोळे त्याच्याकडे लागतात. रडलं का, रंग कसा आहे, वजन किती. त्यानंतर साधारण अर्ध्या तासाच्या आत वार, म्हणजे प्लासेंटा, पडते. ती पूर्ण आली का, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, एवढं आम्ही तपासतो आणि ती बाजूला ठेवून देतो. सुमारे अर्धा किलो वजनाचा हा गोळा केवळ बाळाचं पोषण करत नव्हता. कित्येक महिने तो आईच्या रक्तात हार्मोन्स सोडत होता, आणि तेही शरीरातल्या कुठल्याही ग्रंथीला जमणार नाही इतक्या प्रमाणात. तो बाहेर आला की हा पुरवठा एकदम थांबतो. त्या क्षणानंतर आईचं काय होतं, हे मला आज सांगायचं आहे.

पण उतार समजायचा तर चढ माहीत हवा, म्हणून थोडं मागे जाते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच या हार्मोनची लाट येते आणि ती सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी स्त्रीबीज बाहेर पडतं. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून अंडाशयाचं काम अनियमित होणं) असलेल्या मुलींची खरी अडचण इथेच असते. बीज कधी सुटेल याचा नेम नसतो, कधी महिनोन्महिने ते सुटतच नाही.

बीज सुटल्यावर ते ज्या पिशवीत वाढलं, त्या अंडाशयात उरलेल्या पुटिकेची एक पिवळसर गाठ बनते. तिला पीतपिंड म्हणतात. ती प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार करते, त्यावर गर्भाशयाचं अस्तर तयार होतं. दिवस राहिले नाहीत तर दोन आठवड्यांत ही गाठ सुकते आणि पाळी येते. दिवस राहिले, तर रुजणारा गर्भ एचसीजी हे हार्मोन सोडतो आणि ती गाठ जिवंत राहते. सातव्या ते दहाव्या आठवड्याच्या दरम्यान प्रोजेस्टेरॉनचं काम वार आपल्या अंगावर घेते. घरी लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती या एचसीजीमुळेच. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी हीच चाचणी शोधली, तेव्हा बाईची लघवी उंदराच्या पिल्लांना टोचून काही दिवसांनी त्यांची अंडाशयं कापून पाहावी लागत.

मळमळीचं खापरही बरीच वर्षं एचसीजीवर फोडलं जायचं. काही बायकांच्या पोटात पाणीही ठरत नाही, वजन घटतं, सलाइन लावावं लागतं. अशा बायकांना ‘मनाचे खेळ आहेत’ असं ऐकवलं गेलं, आणि ऐकवणाऱ्यांत डॉक्टरही होते. याचं मला फार वाईट वाटतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं की गर्भ आणि वारेकडून येणारं जीडीएफ-१५ हे हार्मोन यामागचं मोठं कारण आहे. गरोदरपणाआधी जिच्या रक्तात ते कमी असतं, तिला त्याचा अचानक वाढलेला जोर जास्त बाधतो.

पुढचे महिने मी भराभर सांगते. प्रोजेस्टेरॉन गर्भाशय शांत ठेवतं, पण त्याबरोबर आतडी आणि मूत्रनलिकाही सैलावतात. म्हणून जळजळ, बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग. वारेची काही हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात, म्हणजे साखर बाळासाठी उपलब्ध राहते. स्वादुपिंडाला हा वाढीव भार झेपला नाही की गर्भारपणातला मधुमेह होतो. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात आम्ही साखर तपासतो ती यासाठी. वार पडल्यावर ही साखर बहुधा झपाट्याने उतरते, आणि तिथेच सगळे निर्धास्त होतात. सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायची असते, कारण या बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. ही तपासणी फार जणी चुकवतात.

आता कळा. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबलं जातं, त्या दाबाने पिट्युटरीतून ऑक्सिटोसिन हे हार्मोन सुटतं, त्याने कळ येते, कळेने डोकं आणखी दाबलं जातं. बाळ बाहेर येईपर्यंत हे वाढतच जातं. १९०६ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी पिट्युटरीच्या अर्काने गर्भाशय आकसतं हे दाखवलं, १९५३मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवता आलं. बाळ जन्मल्याबरोबर आईला त्याचं दहा युनिटचं इंजेक्शन देतात. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं हे साधं औषध आहे, आणि त्याने असंख्य आया वाचल्या आहेत.

आणि मग वार पडते.

महिनोन्महिने चढत गेलेलं इस्ट्रोजेन (वारेचंच दुसरं हार्मोन) आणि प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत तळाला येतं. याचा पहिला परिणाम चांगला असतो. स्तनांत चीक आधीच तयार असतो, पण दूध प्रोजेस्टेरॉनने अडवून धरलेलं असतं. ते उतरलं की दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत दूध भरून येतं. वारेचा तुकडा आत राहिला, तर तो थोडं प्रोजेस्टेरॉन बनवत राहतो आणि दूध उशिरा येतं. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल आणि दूध मुळीच आलं नाही, पुढे पाळीही आली नाही, थकवा सरेना, तर पिट्युटरीलाच इजा झालेली असू शकते. ब्रिटिश डॉक्टर शीहान यांनी १९३७ साली हे वर्णन केलं. अशी बाई ‘अंगावर दूध नाही’ म्हणून बोलणी खात असते, आणि तिला खरी गरज रक्त तपासण्याची असते.

दुसरा परिणाम मनावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई रडते. बाळ छान आहे, टाके भरताहेत, आणि तरी ती रडते, आपण का रडतोय हे तिलाही सांगता येत नाही. हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळाविषयी काही वाटेनासं झालं, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आई भ्रमात बोलू लागली, रात्र-रात्र जागी राहून भलत्याच आवेशात वागू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. असं हजारांत एक-दोघींना होतं, पण थांबण्यासारखं नसतं.

हार्मोन्स तर सगळ्यांचीच उतरतात, मग सगळ्यांना नैराश्य का येत नाही, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २००० साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. सोळा बायका, एकही गरोदर नाही. आठजणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलेलं, आठजणींना नाही. सगळ्यांना आठ आठवडे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन्स मोठ्या मात्रेत दिली आणि मग त्यांना न सांगता बंद केली. पहिल्या आठांतल्या पाचजणींचं मन पुन्हा खचलं, दुसऱ्या गटात एकीचंही नाही. उतार सगळ्यांना सारखाच होता, मेंदू तो वेगवेगळा सोसत होते. हा प्रयोग वाचल्यापासून मी कुठल्याही आईला ‘मन खंबीर ठेव’ असं म्हणालेले नाही. आधीच्या खेपेला काय झालं होतं, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारते. २०१९ आणि २०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली या नैराश्यावरची दोन औषधं प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत बनणाऱ्या एका रेणूवर बेतलेली आहेत.

थायरॉइडकडेही लक्ष हवं. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात साधारण शंभरात पाचजणींच्या थायरॉइडला सूज येते. आधी धडधड, चिडचिड, मग सुस्ती. जागरणाने होत असेल म्हणून ते सोडून दिलं जातं. टीएसएच या थायरॉइडच्या एका रक्ततपासणीने उलगडा होऊ शकतो. तीन-चार महिन्यांनी केस मूठ-मूठ गळतात, ते बहुधा आपोआप थांबतं.

अंगावर पाजणाऱ्या आईत प्रोलॅक्टिन हे दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं, अंडाशय झोपलेलं असतं आणि इस्ट्रोजेन कमी राहतं. त्याने योनी कोरडी पडते, जवळीक दुखरी होते. हे कुणी बोलत नाही, म्हणून मी इथे बोलते. त्यासाठी साधी मलमं मिळतात. बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, तर दिवस राहण्याची शक्यता फार कमी. या तिन्हींतलं एक जरी बदललं तरी गर्भनिरोधक हवंच. पाळी येईल तेव्हा बघू, असं म्हणून चालत नाही, कारण पहिलं बीज त्या पाळीच्या दोन आठवडे आधीच सुटून गेलेलं असू शकतं.