एकदाच वापरायचा प्रवाहमापक

श्रोतेहो, नमस्कार.

आई दवाखान्यात होती तेव्हाची एक रात्र. स्टँडला सलाइनची बाटली, तिच्याखाली पारदर्शक कुपी आणि कुपीत टपटप पडणारे थेंब. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, मनगटावरचं घड्याळ कुपीशेजारी धरलं आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या. मिनिट संपल्यावर नळीवरचं चाक अंगठ्यानं किंचित सरकवलं, पुन्हा मोजलं. म्हणाल्या, "42. आता बरोबर."

हे 42 कुठून आले? नेहमीच्या सेटमध्ये साधारण 20 थेंबांचं एक मिलिलिटर होतं. 500 मिलिलिटरची बाटली 4 तासांत संपवायची, म्हणजे 240 मिनिटांत 10,000 थेंब, मिनिटाला साधारण 42. लहान मुलांसाठी बारीक थेंबांचा सेट असतो, त्यात 60 थेंबांचं एक मिलिलिटर. त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर द्यायचे, तितकेच थेंब मिनिटाला. हिशेब तोंडी होतो.

ती कुपी म्हणजे एकदा वापरून टाकायचा सगळ्यात साधा प्रवाहमापक. हल्ली आकड्यांची तबकडी असलेला रेग्युलेटरही मिळतो. पण तबकडीवरचा आकडा खरा ठरतो तो बाटली ठराविक उंचीवर असेल आणि द्रव पाण्यासारखा पातळ असेल तरच. पेशंट उठून बसला, की प्रवाह बदलला. म्हणून तबकडी असली तरी थेंब मोजावेच लागतात. तुम्ही सोबतीला बसला असाल आणि वेग बदललेला वाटला, तर सिस्टरना हाक मारा. चाक स्वतः फिरवू नका.

दम्याच्या पेशंटला जोरात फुंकायला लावतात, ते स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाचा प्रवाहमापक. काही स्पायरोमीटरच्या नळीत प्लास्टिकची इवलीशी चक्री असते. श्वासानं ती फिरते, तिची पाती इन्फ्रारेड किरण अडवतात आणि किरण किती वेळा अडला ते यंत्र मोजतं. आपल्याकडे क्षयाचे इतके रुग्ण असताना एकाच्या तोंडची नळी दुसऱ्याच्या तोंडाला लावणं मला अजिबात पटत नाही. चक्रीसकट नळी टाकून द्यायची, मोजणारं यंत्र तेवढं ठेवायचं. महाग असतं ते यंत्रच.

औषधांच्या कारखान्यात हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. जैविक औषधं, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली औषधं, निर्जंतुक प्लास्टिकच्या पिशव्यांत तयार करतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या नळ्यांमधून पुढे नेतात. नळीला बाहेरून चिमट्यासारखा मापक लावायचा. तो ध्वनीचे ठोके प्रवाहाच्या दिशेनं आणि उलट दिशेनं पाठवतो. खाडीत ओढीबरोबर होडी लवकर पोचते, ओढीविरुद्ध उशिरा, तसंच इथे. वेळेतल्या फरकावरून वेग कळतो. मापक औषधाला शिवतच नाही.

अन्नप्रक्रियेत मात्र तारतम्य हवं. हजारो लिटर दूध वाहणाऱ्या डेअरीत स्टीलचेच मीटर योग्य. ते न उघडता गरम कॉस्टिक सोडा, मग आम्ल, मग स्वच्छ पाणी सोडून जागच्या जागी धुतात. पण इसेन्स, रंग किंवा एन्झाइम मोजून सोडणारी करंगळीएवढी लाइन असते, तिची गोष्ट वेगळी. इसेन्सचा वास रबरी सीलमध्ये मुरला की सहजी निघत नाही. वास तरी नाकाला कळतो. त्याच लाइनमधून शेंगदाण्याचं काही गेलं आणि पुढच्या पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख नसला, तर अॅलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. तिथे 'धुतलं असेल' यावर विसंबू नये, नळीच बदलावी.

नळी बदलताना एक काम विसरायचं नाही. चक्रीचे मीटर एका साच्यातून निघाले तरी हुबेहूब सारखे नसतात. लिटरमागे चक्रीचे किती ठोके, म्हणजे पाती किती वेळा किरण अडवतात, तो आकडा लेबलवर दिलेला असेल तर तो यंत्रात भरावा लागतो. नळी नवी आणि आकडा जुना, असं झालं की माप चुकलंच.

आणि वापरलेल्या नळ्यांचं काय? 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे सलाइनची नळी लाल पिशवीत जाते. तिथून ती निर्जंतुक होते, तिचे तुकडे होतात आणि ते प्लास्टिक पुन्हा कामाला येतं. आमच्या लहानपणी याच नळ्यांचे मासे विणून किल्लीला लावायचे. सुंदर दिसायचे, कबूल. पण ती नळी कुणाच्या तरी रक्तापर्यंत पोचलेली असायची, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून घरी निघाल, तेव्हा मुलांसाठी म्हणून ती पिशवीत टाकू नका.

नमस्कार.