ओकलंडचा मंगळवार

(स्टेडियमचं पार्किंग. ढोल. हिरवे टी-शर्ट.)

13 जून 2023, मंगळवार. अमेरिकेतल्या ‘ओकलंड ॲथलेटिक्स’ या बेसबॉल संघाचं मैदान, ओकलंड कोलिसियम. त्याच्या पार्किंगमध्ये सामन्याच्या कितीतरी आधीपासून ही गर्दी आहे. ढोल आहेत, शेगड्या पेटल्यात, हिरव्या टी-शर्टवर इंग्रजीत एकच शब्द छापलाय : विका. म्हणजे मालकाने हा संघ विकून टाकावा. महिनाभरापूर्वी इथल्या एका सामन्याला 2,064 प्रेक्षक होते. आज 27,759. ओकलंडमध्ये लोकच येत नाहीत, म्हणून संघ लास व्हेगासला न्यायचा, असं कारण दिलं जातंय. त्यावरचं उत्तर म्हणून ही माणसं तिकीट काढून आली आहेत.

(पाचवा डाव.)

आता हे बघा. पहिला बॅटर उभा राहिला आणि सगळं स्टेडियम गप्प. एकही शिट्टी नाही. तो खेळून झाला, आणि मग...

(फक्त घोषणा : ‘सेल द टीम!’ म्हणजे ‘संघ विका!’ निवेदन थांबतं.)

संघाचे मालक जॉन फिशर. ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. या वर्षी त्यांच्या खेळाडूंच्या पगाराचा खर्च साधारण 6 कोटी डॉलर, ‘मेजर लीग बेसबॉल’ या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या 30 संघांत सगळ्यात कमी. न्यूयॉर्क मेट्सचा 33 कोटींच्या वर.

(जुनी छायाचित्रं.)

हा संघ कायमच असा नव्हता. 1972, 73, 74 : सलग तीन वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकलेली ही मंडळी. मग खेळाडूंना करार संपल्यावर हवं तिथे जायची मुभा मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. पण त्यांना ठेवून घ्यायला पैसा लागतो. 1976 मध्ये तेव्हाचे मालक चार्ली फिनली तीन मोठे खेळाडू न्यूयॉर्क यँकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स या संघांना विकायला निघाले. लीगच्या प्रमुखांनी, म्हणजे कमिशनरांनी, व्यवहारच रद्द केला. पुढे 2002 मध्ये ओकलंडने सलग 20 सामने जिंकले. यँकीजचा पगारखर्च तिपटीहून जास्त, आणि मोसमातले विजय दोघांचे सारखेच : 103. दोघंही प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गारद झाले, ही गंमत वेगळी.

(ग्राफिक : 30 संघ, मध्ये एक हंडी.)

आता पैशाचं गणित. देशभरच्या प्रसारणाचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. फरक पडतो तो स्थानिक कमाईत. लॉस एंजेलिस डॉजर्सचा स्थानिक टीव्ही करार 25 वर्षांचा, 835 कोटी डॉलरचा. म्हणून नियम असा, की प्रत्येक संघाने स्थानिक कमाईतले 48 टक्के या हंडीत टाकायचे आणि हंडी सगळ्यांत समान वाटायची. श्रीमंताचे जास्त पडतात, गरिबाला जास्त मिळतात.

शिवाय पगारावर ठरावीक रकमेपेक्षा जास्त उधळणाऱ्याला कर. डॉजर्सनी 2024 चा 10 कोटी 30 लाख डॉलर कर भरला, ट्रॉफीही उचलली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आपल्या आयपीएलमध्ये 2025 च्या लिलावाला दहाही संघांची पर्स सारखी, 120 कोटी रुपये. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये वरून अशी पक्की मर्यादा नाही.

पण या पार्किंगमधला राग डॉजर्सवर नाहीच, तो आपल्याच मालकावर आहे. हंडीतून मिळालेला वाटा खेळाडूंवरच खर्च करावा, अशी चोख सक्ती कुठे आहे? नियम आहे तो मोघम : मिळालेल्या रकमेच्या दीडपट तरी पगारखर्च हवा, नाहीतर खेळाडूंची संघटना तक्रार करू शकते. करू शकते!

(स्कोअरबोर्ड : ओकलंड 2, टँपा बे 1.)

सामना ओकलंडने जिंकला. त्याच दिवशी, लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासच्या नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी मदतीचं विधेयक मंजूर केलं.

(26 सप्टेंबर 2024. शेवटचा सामना. प्रेक्षक 46,889.)

57 मोसमांनंतर संघ गेला. लास व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत मुक्काम सॅक्रमेंटोजवळ, जेमतेम 14 हजारांच्या मैदानात. त्या मैदानाची मालकी सॅक्रमेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाच्या मालकांकडे, आणि त्यांचे प्रमुख आपल्या मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे.

(पत्रकार परिषद, नवी जर्सी.)

आणि त्याच डिसेंबरात संघाने पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) लुईस सेवेरिनोला 3 वर्षांसाठी 6 कोटी 70 लाख डॉलरला घेतलं. क्लबच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा करार. दीडपटीच्या नियमावरून तक्रार होईल, अशा बातम्या तेव्हा येत होत्या. म्हणजे नियमाची धास्ती वाटली की तिजोरी उघडते.

लीग आणि खेळाडूंमधला सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. पगाराला वरून मर्यादा घालावी, हा मालकांचा जुना आग्रह. त्यावरूनच 1994 मध्ये संप झाला आणि वर्ल्ड सिरीज रद्द झाली. ती मर्यादा येईल न येईल. पण वाटा घेणाऱ्या संघाने तो मैदानावर खर्च केला नाही, तर पुढच्या वर्षीचा वाटा बंद, एवढं कलम नव्या करारात घालायला वरच्या मर्यादेचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही.