ठाण्याचा खंदक आणि आक्रमणाचा गुन्हा

[दृश्य : ठाणे कारागृहाची तटबंदी, बाहेरून. रिक्षांचे हॉर्न.]

ठाणेकर या तटाजवळून रोज ये-जा करतात. आत मध्यवर्ती कारागृह आहे, तट मात्र किल्ल्याचा. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला.

१२ डिसेंबर १७७४. मुंबईहून इंग्रजांची फौज ठाण्याकडे निघाली. ६२० गोरे, १,००० देशी शिपाई, तोफांच्या मदतीला २०० खलाशी. २० तारखेला तोफा सुरू झाल्या. आठ दिवसांत तटाला खिंडार पडलं, पण खिंडारापुढे खंदक होता. २७ च्या रात्री तो बुजवायला गेलेले शंभरेक गोरे मेले किंवा जखमी झाले. दुसऱ्या संध्याकाळी किल्ला पडला. आतली बहुतेक शिबंदी कापली गेली.

[दृश्य : खाडीचं पाणी, ओहोटी.]

इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन याच वेढ्यात गेला. तोफगोळा त्याला लागलाच नाही. शेजारच्या वाळूत आदळला आणि वाळूचे कण अंगात घुसले.

आता कायद्याचं बोलू. शिबंदीची कत्तल हा युद्ध कसं लढलं याचा प्रश्न. आज त्याला युद्धगुन्हा म्हणतात. आक्रमणाचा गुन्हा, म्हणजे दुसऱ्या राज्यावर बेकायदा युद्ध लादणं, त्याच्या आधीच घडून जातो, तोही बंद खोलीत. फौज धाडायची हे ठरवलं कोणी? त्यामुळे पुरावा खंदकात सापडत नाही, बैठकीच्या इतिवृत्तात सापडतो. शिपाई या गुन्ह्यात आरोपी होऊच शकत नाही. राज्याच्या राजकीय किंवा लष्करी कारवाईवर ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे, तोच होतो.

ठाण्याच्या बाबतीत ती खोली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई कौन्सिलची, अध्यक्ष विल्यम हॉर्नबी. त्यांचं कारण काय? पोर्तुगीज आरमार साष्टी, म्हणजे ठाणे ज्यात येतं ते बेट, परत घ्यायला आलंय, आपण नाही घेतलं तर ते घेतील.

[दृश्य : न्यूरेंबर्गचं न्यायालय, जुनी फीत.]

हीच सबब न्यूरेंबर्गला, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात, पुन्हा ऐकू आली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. बचाव असा, की ब्रिटिश आधी उतरले असते. न्यायालयाने कागद तपासले. धोका तत्काळ होता का, दुसरा मार्गच उरला नव्हता का? नाही. सबब फेटाळली. शांततेविरुद्धच्या गुन्ह्यात, म्हणजे आक्रमक युद्ध पुकारल्याबद्दल, १२ जण दोषी ठरले. हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस युद्धगुन्ह्यांतून सुटला, पण युद्धाच्या कटात आणि तयारीत सापडला. त्याला जन्मठेप झाली.

आक्रमणाची व्याख्या मात्र रखडली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ती मंजूर केली १४ डिसेंबर १९७४ रोजी, ठाण्याच्या वेढ्याला दोनशे वर्षं होत असताना. स्वारी, ताबा, बॉम्बफेक, बंदरांची नाकेबंदी, सशस्त्र टोळ्या धाडणं, असे सात प्रकार. २०१० मध्ये कंपाला इथे हीच यादी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर उभं आहे त्या रोम करारात कलम ८ बिस म्हणून आली, आणि १७ जुलै २०१८ पासून त्या न्यायालयाला या गुन्ह्याचे खटले चालवण्याचा अधिकार मिळाला.

यातली गोम अशी. करारात नसलेल्या देशाने हल्ला केला, तर सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवल्याशिवाय या गुन्ह्याचा खटला चालत नाही, आणि तिथे पाच जणांकडे नकाराधिकार आहे. रशिया करारात नाही. म्हणून युक्रेनसाठी युरोप परिषदेच्या छत्राखाली वेगळं न्यायाधिकरण उभारण्याचा करार जून २०२५ मध्ये झाला. भारतही रोम करारात नाही.

हॉर्नबीवर आज खटला चालला असता का? नाही. १७७४ मध्ये हा गुन्हाच नव्हता. शिवाय कंपनी म्हणजे राज्य का, यावरच वकिलांनी वर्षभर तारखा घेतल्या असत्या. पण १७७३ चा रेग्युलेटिंग कायदा होता : कलकत्त्याच्या, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या, संमतीवाचून मुंबईने युद्ध करायचं नाही. पुढे पेशवेपदाचा दावेदार राघोबा याच्यासाठी मुंबईने छेडलेलं युद्ध कलकत्त्याने अन्याय्य आणि विनापरवानगी ठरवलं, आणि १७७६ मध्ये मराठ्यांशी पुरंदरचा तह केला.

[दृश्य : कारागृहाचा दरवाजा, संध्याकाळ.]

त्या तहातही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. १७८२ च्या सालबाईच्या तहातही.